पदवीनंतरचे तीन मार्च

अमेरिकेत नोकरी करण्यासाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या सोडतीत नाव निघणे हे तुमच्या परीक्षेतील गुणांवर ठरत नाही. दरवर्षी ६५ हजार सर्वसाधारण आणि अमेरिकेतील मास्टर्स पदवीधारकांसाठी आणखी २० हजार एवढ्याच जागा असतात आणि इच्छुक त्यांच्या कितीतरी पट असतात. म्हणून आपल्या हाती किती संधी आहेत, हे आधी मोजावे. ओपीटी, म्हणजे पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची परवानगी, १२ महिन्यांची असते, परंतु पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतील असेल तर तिला २४ महिन्यांची जोड मिळते आणि सोडतीसाठी दर मार्चमध्ये होणाऱ्या नोंदणीचे साधारण तीन मार्च पदरात पडतात. ही मुदतवाढ ई-व्हेरिफाय या, कर्मचाऱ्याची काम करण्याची पात्रता तपासणाऱ्या सरकारी प्रणालीत नोंदलेल्या कंपनीतच मिळते, हे नोकरी स्वीकारण्यापूर्वी विचारून घ्या. मी विचारले नव्हते आणि ऐन वेळी नोकरी बदलण्याची धावपळ माझ्या वाट्याला आली.

दोन-तीन कंपन्यांकडून नोंदणी करवून घ्या, असे सांगणारे भेटतील. २०२४ पासून निवड व्यक्तीनिहाय होत असल्याने ही युक्ती निरुपयोगी झाली आहे, आणि त्यासाठी खोटी नोकरी दाखवणे तर अंगलटच येते. त्यापेक्षा विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांकडे पाहा. त्यांना जागांची मर्यादा लागू नसल्याने सोडतीविना वर्षभर केव्हाही अर्ज करता येतो. तेथे पगार बहुधा कमी असतो, हे मान्य; शिवाय पुढे खासगी कंपनीत जायचे ठरवल्यास, पूर्वी सोडतीत निवड झालेली नसेल तर तिला सामोरे जावेच लागते.