डायफ्रॅम आडवा नको, उभा वाच

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

डायफ्रॅम म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू; त्यातली तीन भोकं छातीच्या कोणत्या मणक्यांच्या पातळीवर आहेत ते 'आठ, दहा, बारा' पाठ झालं, पण वॉर्डात त्याचं करायचं काय, असं तू विचारलं आहेस. प्रश्न रास्त आहे. डिसेक्शन हॉलमध्ये आपण डायफ्रॅम वरून बघतो, म्हणून तो तीन भोकांचा आडवा पडदा वाटतो. उभ्या, जिवंत माणसात मात्र त्याच्या स्नायूचा बराच भाग खालच्या बरगड्यांना आतून चिकटून सरळ वर चढतो आणि मग घुमटाकडे वळतो. या उभ्या भागाला झोन ऑफ ॲपोझिशन (चिकटून असलेला पट्टा) म्हणतात. पुस्तकं त्याला दोन ओळींत उरकतात. तू त्याला एक अख्खी संध्याकाळ दे.

हाडं समोर घेऊन बस. पुढे झिफॉइडच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाच्या, मागून दोन लहान पट्ट्या येतात. बाजूने खालच्या सहा बरगड्या आणि त्यांच्या कूर्चा. मागे उजवा क्रस (मणक्यांना बांधलेला स्नायूचा पाय; अनेकवचन क्रुरा) एल-1 ते एल-3, म्हणजे कमरेच्या पहिल्या तीन मणक्यांवरून, डावा एल-1 आणि एल-2 वरून, आणि त्यांच्या बाजूला सोआस व क्वाड्रेटस लम्बोरम या कमरेच्या स्नायूंवरच्या कमानी. सगळे तंतू मधल्या सेंट्रल टेंडनला, म्हणजे चिवट पांढऱ्या पट्ट्याला, मिळतात. हे टेंडन कुठल्याच हाडाला बांधलेलं नाही. वर ते पेरिकार्डियमला, म्हणजे हृदयाच्या आवरणाला, चिकटलेलं असतं.

आता श्वास. स्नायू आखडला की घुमट खाली येतो, साध्या श्वासात जेमतेम दीड सेंटिमीटर, खोल श्वासात सात ते दहा. खाली पोटातले अवयव त्याला अडवतात. ही अडवणूक फार महत्त्वाची, कारण तिच्यामुळे टेंडन थबकतं आणि तेच उभे तंतू खालच्या बरगड्यांना वर ओढतात. बादलीची कडी उचलावी तशी बरगडी वर जाताना बाहेरही जाते. शिवाय पोटातला वाढलेला दाब त्या उभ्या भागातून बरगड्यांना आतून बाहेर ढकलतो. म्हणजे घुमट उंच आणि पोट भक्कम असेल तरच छाती खालून रुंदावते.

सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या, पेशंटमध्ये हेच बिघडतं. फुप्फुसं फुगलेली, घुमट सपाट, उभा भाग जवळजवळ संपलेला. तंतू आडवे झाले की आखडताना बरगड्यांना आत खेचतात. दोन्ही अंगठे कॉस्टल मार्जिनवर (बरगड्यांच्या खालच्या कडेवर) ठेव आणि पेशंटला श्वास घ्यायला सांग: अंगठे लांब जायच्या ऐवजी जवळ आले तर ते हूव्हरचं चिन्ह. अशा माणसाला 'पोटाने श्वास घ्या' असा धोशा लावू नकोस. आजार बळावलेला असेल तर त्याने दम वाढू शकतो. त्याला पुढे वाकून, हात टेबलावर टेकवून बसव आणि ओठ मुडपून सावकाश श्वास सोडायला शिकव. पुढे वाकल्यावर पोटातले अवयव घुमटाला वर ढकलतात, स्नायूची लांबी सुधारते. आणि पोटाचे स्नायू ताणून पोट पुढे काढणं म्हणजे डायफ्रॅमने श्वास घेणं नव्हे, हे निरोगी माणसालाही सांगावं लागतं.

तुझ्या तीन भोकांकडे येतो. टी-8 चं (छातीच्या आठव्या मणक्याच्या पातळीचं) भोक टेंडनमध्ये आहे, म्हणून श्वास घेताना ते ताणून रुंद होतं आणि त्यातून जाणाऱ्या व्हेना केव्हा या मोठ्या शिरेतलं रक्त हृदयाकडे जायला मदत होते. टी-10 चं भोक उजव्या क्रसच्या स्नायूत; श्वास घेताना ते अन्ननलिकेला आवळतं, नेमकं तेव्हा, जेव्हा पोटातला दाब वाढून आम्ल वर यायला बघतं. हायटस हर्नियात, म्हणजे जठराचा भाग या भोकातून वर सरकतो तेव्हा, ही पकड सुटते. टी-12 ला महाधमनी मुळात स्नायूतून जातच नाही, क्रुराच्या मागून जाते, म्हणून ती आवळली जात नाही. असं कारणासकट वाचलंस तर आकडे विसरणार नाहीत.

डायफ्रॅमची नर्व्ह मानेतून का येते? कारण गर्भात डायफ्रॅमचा पुढचा भाग मानेच्या पातळीवर तयार होतो आणि सी-3, 4, 5 ची (मानेतल्या मज्जारज्जूच्या तिसऱ्या ते पाचव्या नर्व्हमधून निघणारी) फ्रेनिक नर्व्ह सोबत घेऊन खाली उतरतो. त्यामुळे प्लीहा फुटून किंवा लॅप्रोस्कोपीतल्या वायूमुळे डायफ्रॅम खालून डिवचला गेला की खांद्याचं टोक दुखतं. खांदा तपासून काही सापडलं नाही तर पोटाला हात लाव. कडेच्या भागाची संवेदना मात्र खालच्या इंटरकॉस्टल (बरगड्यांमधल्या) नर्व्हकडे जाते. ते दुखणं पोटाच्या भिंतीवर जाणवतं.

दोन्ही बाजूंचा डायफ्रॅम कमजोर असेल तर पेशंट बसून ठीक असतो, आडवा झाला की दम लागून घाबरतो. उताणं निजवून एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर ठेव. श्वास घेताना छाती वर आणि पोट आत गेलं तर गडबड आहे. मग व्हायटल कपॅसिटी (पूर्ण श्वास घेऊन सोडता येणारी हवा) बसून आणि निजून मोज: झोपल्यावर थोडी घट सगळ्यांनाच होते, 30 टक्क्यांहून जास्त असेल तर वरिष्ठांना लगेच कळव. एकाच बाजूचा लकवा बहुतेकदा एक्स-रेवर वर चढलेला घुमट म्हणून सापडतो. पण उजवा घुमट मुळातच थोडा उंच असतो, तेवढ्यावरून निदान ठोकू नकोस. फ्लुओरोस्कोपीखाली (चालत्या एक्स-रेखाली) नाकाने जोरात हुंगायला सांगितलं की लुळी बाजू उलटी, म्हणजे वर जाते.

एक गोष्ट सर्जरीच्या पोस्टिंगआधी. पूर्ण श्वास सोडल्यावर उजवा घुमट चौथ्या इंटरकॉस्टल जागेपर्यंत चढतो. म्हणून स्तनाग्राच्या खाली लागलेला चाकू छातीतच थांबला असं धरू नये. चेस्ट ड्रेनही (छातीतली हवा वा पाणी काढायची नळी) पाचव्या जागेच्या खाली घालत नाहीत. आणि घालताना खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून, कारण शीर, धमनी आणि नर्व्ह वरच्या बरगडीच्या खालच्या कडेने जातात.

कळावे,
तुझे सर