टाळ मांडीवर आले की

बाय,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. मागे पंपाची घरघर येत होती, म्हणजे रात्री खाडीकाठी उभी राहून बोलत होतीस. एकटी उभी राहू नकोस तिथे, हे आधी.

अहिंसा कशाला, शांती कशाला, ते मी सांगत बसणार नाही. तुला ते माझ्याइतकंच ठाऊक आहे. तुझा घोळ वेगळा आहे. वाळूच्या सक्शन पंपाविरुद्ध जेटीवर धरणं धरलंत. तुमचं भजन चाललं होतं, मोहल्ल्यातल्या बायका शेजारी बसून टाळ्या देत होत्या. मग कोणीतरी देवाच्या नावाचा गजर असा काही उचलला की त्याची आरोळी झाली. त्या बायका उठल्या आणि गेल्या. पोरं म्हणाली, गेल्या तर गेल्या. आता तू मला विचारतेस, "मास्तर, भजनच सोडू का? की पोरं म्हणतात तसं रात्री जाऊन पंप फोडूया?"

अगो, दोन्ही नको. पट्टी उतरव.

हसू नकोस. पट्टी म्हणजे पेटीवर गाण्यासाठी धरलेला सूर, आणि बुवाचा पहिला गुन्हा त्या पट्टीतच होतो. गळा आपला तयार, म्हणून आपण काळी चारसारखी उंच पट्टी धरतो. मांडवातून शिट्ट्या येतात. कोरसमधल्या पोरांच्या मानेच्या शिरा फुगतात, पण ती कशीबशी ओढून नेतात. मागे भिंतीला टेकून एक म्हातारा बसलेला असतो, चाळीस वर्षं भजनात बसणारा. तो दोन ओळी नुसते ओठ हलवतो, मग टाळ मांडीवर ठेवतो आणि त्यांची दोरी बोटाभोवती गुंडाळतो. दोरी गुंडाळली की समज, त्या रात्रीपुरता तो माणूस गेला. मला एकदा एका आजोबांनी भर भजनात सांगितलं होतं, "बुवानू, खाली घेवा, माका झेपणा नाय." असं तोंडावर सांगणारा लाखात एक. बाकीचे गप्प टाळ ठेवतात. डोळे मिटून गाणाऱ्या बुवाला ते दिसत नाही आणि त्याला वाटतं, काय रंगलंय!

त्या दिवशी जेटीवर निम्मे टाळ मांडीवर आले. आणि तुम्ही म्हणता, गेल्या तर गेल्या?

आता माझं ऐक. शिमग्यात आमच्या दोन वाड्यांत पालखीच्या मानावरून धुमसत होतं. गाण्यात जिरेल म्हणून डबलबारी, दोन बुवांचा भजनी सामना, ठेवली. तसं जिरतं, खरंच जिरतं. आपल्या डबलबारीची, रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्याची सगळी गंमत त्यातच आहे. सवाल गाण्यात, जबाब गाण्यात, आणि पहाटे दोन्ही बुवांना एकाच किटलीतला चहा. मी मात्र गजरात एक ओळ घातली, वरच्या वाडीच्या मानकऱ्यांच्या आज्यावर. ती ओळ तुला सांगणार नाही. फार छान जुळली होती, हेच वाईट. माझ्याच कोरसमध्ये वरच्या वाडीचा एक गडी होता. त्याने टाळ मांडीवर ठेवले. मला दिसलं. मी पट्टी आणखी चढवली.

चौथ्या रात्री त्याच्या अकरा पोफळी कोणीतरी कापल्या. लागत्या पोफळी, शिपुटांसकट आडव्या.

कोयता माझ्या हातात नव्हता. हे वाक्य मी तीस वर्षं म्हणतोय. शिवाय समोरच्या बुवाने आधी माझ्या बापावर काढलं होतं, त्या रात्री मांडावर बसलेला कोणीही सांगेल. बघ, तुला शिकवायला बसलो आणि वकिली स्वतःची सुरू झाली. त्याच्याकडे गेलो होतो, पण सात वर्षांनी. त्याने चहा दिला, सुपारीचा भाव सांगितला. भजनाचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही.

म्हणून सांगतो, पट्टी. रात्री पंप फोडायला चार पोरं लागतात. बाकीचा गाव कड्या लावून घरात बसतो आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांना सांगतो, आम्हाला काय माहीत. ही काळी पाच झाली. चार गळ्यांची हौस. जेटीवर मांडी घालून बसायला मात्र तुझी आजीही येते, गुडघा दुखत असला तरी.

ही अक्कल या किनाऱ्यावर नवी नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले, ते ओंजळभर पाण्यासाठी. ओंजळ कोणाला नसते? मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली आणि जमाव परिषदेच्या माणसांवर तुटून पडला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलटा हात उचलू दिला नाही. त्या लोकांत पलटणीत राहून आलेले होते, हे विसरू नकोस. पोरं तुला भित्री म्हणतात ना, त्यांना हे सांग. इथे आपल्या शिरोड्याच्या मिठागरात मे १९३० मध्ये सत्याग्रह झाला. मागणी अख्ख्या देशाची, हातात चिमूटभर मीठ. दांडीला निघालेल्या पहिल्या तुकडीत पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, गायक विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. त्यांना काय ताना येत नव्हत्या? पण आश्रमाच्या प्रार्थनेला सूत कातणारी, भांडी घासणारी माणसं बसायची. तिथे तान घेऊन कोणाला दाखवणार?

आणि आप्पासाहेब पटवर्धन. कणकवलीचा त्यांचा गोपुरी आश्रम तू पाहिला आहेस. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करायचं काम मागितलं. सरकार नाही म्हणालं. आप्पांनी अन्नावर गदा आणली, तर येरवड्यात गांधीजींनीही उपास धरला, आणि सरकारला नमावं लागलं. आपण वरचा षड्ज लावून दाखवायला धडपडतो. हा माणूस खर्जात उतरला होता.

पट्टी उतरव म्हणजे मागणी उतरव असा अर्थ काढलास तर मात्र मी फोन उचलणार नाही. पंप बंद, खाडी मोकळी, यातला कानाही कमी करायचा नाही. खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, गेल्या, खाजणाच्या खाऱ्या जमिनीचे बांध खचतायत. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात उतरतात त्या आपल्या बायका आणि मोहल्ल्यातल्या बायका एकाच चिखलात उतरतात. पंपाने तळ खरवडला तो दोघींच्या पायाखालचा.

भजनही सोडायचं नाही. देव लपवून सलोखा होत नसतो. त्यांनाही लपवलेला देव नको असतो, मी विचारलंय. अभंग म्हण, गवळण म्हण, पण दुसऱ्याच्या अंगावर फेकण्यासाठी देवाचं नाव उचललं की तुझी पट्टी चढलीच. त्यांची लग्नातली गाणी कधी ऐकलीस? आपल्याच बोलीतली असतात, अर्धे शब्द तुला येतील. एकदा त्यांना सुरुवात करू दे. तू नुसती मागून धर. पुढे बसायची सवय लागलीय तुला. माझ्यामुळेच लागली असेल.

आधी जी बाई पहिली उठून गेली, तिच्या दारात जा. टाळ नेऊ नकोस, निवेदनाचा कागद नेऊ नकोस. "गेल्या तर गेल्या" म्हणणाऱ्या पोरांतला एक जण सोबत ने. बोलायला नको, नुसता पडवीत बसू दे. ती काही बोलली तर ऐकून घे. नाही बोलली तरी बस. अमावास्येला सुकती मोठी असते, तेव्हा त्यांच्याबरोबर चिखलात उतर. मी सात वर्षं लावली, तू सात दिवस लावू नकोस.

पेटी शनिवारच्या एसटीने पाठवतोय, कंडक्टर ओळखीचा आहे. भाता डाव्या कोपऱ्यात फाटलाय, मी कागद चिकटवलाय. फार जोराने हाणू नकोस.

मास्तर