दाराच्या फळ्या आणि उधारीची वही

प्रश्न : सर, मी महालातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. चीनच्या यादवी युद्धावरून आमच्यात दोन तट पडले. एक तट म्हणतो, माओच्या कम्युनिस्ट सैन्याने जनतेचा सुई-दोराही घेतला नाही, तेव्हाच्या चीन सरकारच्या प्रमुखाचे, चँग कै-शेकचे शिपाई मात्र निव्वळ लुटारू होते, म्हणून माओ जिंकला. दुसऱ्यांच्या मते हा सगळा जिंकणाऱ्याचा प्रचार. खरं काय? आणि परीक्षेत काय लिहावं?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : परीक्षेत काय लिहावं ते शिकवणीच्या मास्तरांना विचार, बाप्पा. मी तीस वर्षं इतिहास शिकवला, पण खरं बोलण्याचे मार्क किती असतात ते मला अजून कळलेलं नाही. (पत्रावरून वयाने लहान वाटतोस, म्हणून ‘तू’ म्हणतो.)

माझ्या आजोबांचं कामठीला छावणीला लागून किराण्याचं दुकान होतं. शिपायांची उधारी एका लाल वहीत असे. ते सांगायचे, पगार झाला की शिपाई स्वतःहून येऊन म्हणतो, ‘शेठजी, हिशेब करा.’ बदलीच्या धांदलीत पगार लांबला, की तोच शिपाई पोत्यातले शेंगदाणे न विचारता तोंडात टाकतो. माणूस तोच, महिना वेगळा. सैन्याची शिस्त हा शब्द आला की मला आधी ती वही आठवते.

आता चँगच्या सैन्याची वही उघडू. तिथे पगाराची रक्कम तुकडीच्या डोक्यांवर हिशेबून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती एकगठ्ठा पडे. मग कागदावर हजार शिपाई आणि मैदानात सातशे असले, तर तीनशेंचा पगार आणि तांदूळ कुठे जात असेल ते तूच ताड. भरतीही तशीच. गावच्या मुखियाला माणसांचा आकडा ठरवून दिलेला. ज्याच्या घरी पैसा त्याचा पोरगा सुटायचा, गरिबाचा दोरीला बांधून नेला जायचा. जपानविरुद्धच्या आठ वर्षांत असे सुमारे 1 कोटी 40 लाख लोक भरती झाले. त्यातले कित्येक उपासमारीने नि रोगाने पलटणीपर्यंत पोचायच्या आधीच मेले. जो पोचला, त्याने वाटेतल्या गावातली कोंबडी सोडावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

त्यात 1945 साली जपानी गेले आणि शहरं ताब्यात घ्यायला सरकारचे अधिकारी आले. चिनी भाषेत ‘ताबा घेणे’ आणि ‘लुटून नेणे’ असे दोन शब्द चिन्हं बदलून एकाच उच्चाराचे करता येतात. लोकांनी लगेच ती कोटी केली. घरं, मोटारी, सोनं, जे हाती लागलं ते ‘ताब्यात’ गेलं. पुढे महागाई अशी भडकली की ऑगस्ट 1948 मध्ये जुन्या 30 लाख युआनला एक नवा ‘सुवर्ण युआन’ काढावा लागला, आणि वर्षाच्या आत तोही मातीमोल झाला. पगार वेळेवर मिळाला तरी त्यात काय येणार होतं!

म्हणजे माओचे शिपाई संत होते? थांब. त्यांचे नियम आधी बघ, ते फार मजेशीर आहेत. 1927-28 मध्ये चिंगकांग डोंगरात हा जथा लपून होता तेव्हाचे ते. शेतकऱ्याचं रताळं घेऊ नका. झोपायला घेतलेल्या दाराच्या फळ्या परत बसवा. अंथरलेल्या पेंढ्या बांधून ठेवा. तिकडच्या घरांची दारं चौकटीतून उचलून काढता येत. शिपाई ती रात्री खाटेसारखी वापरत आणि सकाळी भलत्याच घराला भलतं दार टेकवून निघून जात. नियम वाचला की कळतं, लोक आधी काय करत होते. जिथे कोणी थुंकत नाही तिथे ‘थुंकू नका’ अशी पाटी लागत नाही. सीताबर्डीच्या जिन्यात लागते.

तर डोंगरातल्या मूठभर लोकांना गावाने लपवलं नाही तर मरण होतं. ही शिस्त त्या गरजेतून आली. पुढे 10 ऑक्टोबर 1947 ला तीन मुख्य नियम आणि आठ सूचना सगळ्या सैन्याला एकाच मसुद्यात दिल्या गेल्या. त्यात सुई-दोरा आहे, पिकं तुडवू नका आहे, बायकांशी गैर वागू नका आहे, कैद्यांना छळू नका आहे. तिसरा मुख्य नियम मात्र तुमच्या अभ्यासिकेत कोणी वाचलेला दिसत नाही : जप्त केलेलं सगळं जमा करा. जमीनदाराचं अख्खं घर रिकामं होई, त्याला भर चौकात मरेस्तोवर मारलंही जाई. फक्त त्याची सुई शिपायाच्या खिशात जात नसे, हिशेबात जाई. शेतकऱ्याकडून धान्य घेतलंच, पण गावाच्या समितीमार्फत. 1948-49 च्या हुआइहाई लढाईत लाखो शेतकरी ढकलगाड्यांवर धान्य आणि दारूगोळा वाहत होते. मे 1949 मध्ये शांघाय घेतल्यावर थकलेले शिपाई फूटपाथवर झोपले, कोणाच्या घरात शिरले नाहीत. सकाळी दार उघडणाऱ्यांनी ते पाहिलं. ही गोष्ट प्रचारात वापरली गेली म्हणून खोटी ठरत नाही.

आता दुसऱ्या तटाला एक नाव देतो : रामगढ. तेव्हाच्या बिहारातलं, आज झारखंडात. ब्रह्मदेशातून शिस्तीत माघार घेऊन 1942 मध्ये भारतात आलेली चँगची नवी 38वी डिव्हिजन तिथे नव्याने उभी राहिली. अमेरिकन जनरल स्टिलवेलने हट्ट धरला की पगार एकगठ्ठा अधिकाऱ्याला न देता थेट शिपायाच्या हातात पडावा. पोटभर जेवण, लसी, बूट. तीच माणसं अशी लढली की जपानी मागे हटले. आजोबांना हे ऐकवायला हवं होतं, त्यांनी वहीवर थाप मारली असती.

तीच डिव्हिजन 1948 मध्ये मांचुरियातल्या चांगचुन शहरात अडकली. बाहेर माओचा सेनापती लिन पियाओ याचा वेढा, मे अखेरपासून 19 ऑक्टोबरपर्यंत. विमानातून पडणारं धान्य सैन्याचं. शहरातल्या लोकांना चँगच्या सैन्याने बाहेर काढलं, आणि बाहेर सुई-दोरा न घेणाऱ्या सैन्याचे पहारेकरी होते. त्यांना हुकूम होता, कोणाला बाहेर सोडायचं नाही. शहरात खाणारी तोंडं जितकी जास्त, तितकी शरणागती लवकर. दोन सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात माणसं गवत आणि झाडाची साल खात मेली. मृतांचे अंदाज 1 लाख 20 हजारांपासून 3 लाखांपर्यंत जातात. आणि बघ, ती पहारेकऱ्यांची शिस्त मोडली म्हणून मेली नाहीत. हुकूम पाळला गेला म्हणून मेली. तुमच्या वादात हे कोणीच बोललं नाही, म्हणून इतकं लिहिलं.

आपल्याकडचंही सांगतो, म्हणजे चिन्यांना नावं ठेवायची घाई होणार नाही. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी पत्रातून बजावलं होतं, की कुणब्याचे दाणे, भाकर, गवत, भाजी ओरबाडू लागलात तर रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. त्याआधी त्यांनी पावसाळ्याच्या दाणावैरणीची गणती केली आहे, हे वाचताना निसटू देऊ नकोस. आणि शंभर वर्षं उलटायच्या आत आपल्याच नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा बंगाल्यात चौथाई वसूल करायला गेल्या, तर तिथल्या आया अजून लेकरांना ‘बर्गी’ (म्हणजे आपलेच मराठे स्वार) येईल म्हणून झोपवतात.

प्रश्न : नागपूरचे एक डॉक्टर माओच्या सैन्यात होते असं ऐकलं. त्यांनी ही यादवी पाहिली का?
— एक वाचिका, धंतोली

उत्तर : ताई, ते डॉ. मोरेश्वर चोळकर. काँग्रेसने 1938 मध्ये पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरच्या डॉ. कोटणिसांबरोबर तेही होते. पण ते युद्ध जपानविरुद्धचं. चँग आणि माओ तेव्हा कागदोपत्री एका बाजूला होते, म्हणून पथक आधी हांकौ-चुंगकिंगला सरकारी हद्दीत राबलं आणि फेब्रुवारी 1939 मध्ये माओच्या तळावर, येनानला पोचलं. चोळकर त्याच वर्षी परतले. कोटणिस तिथेच राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला वारले, म्हणजे यादवी पुन्हा पेटली ती त्यांच्यानंतर.