राग ठरलेला असताना आलापात (तालाशिवायच्या संथ रागविस्तारात) आणि रचनेत स्वतःची भावना कशी आणायची?
कुठे थांबता, त्यातून ती येते. मारवा राग घ्या. कोमल रिषभ (रे) आणि शुद्ध धैवतावर (ध) रेंगाळायचं, षड्जावर (सा) येणं मात्र लांबवत न्यायचं. हुरहूर रागातच आहे, पण षड्जावर कधी यायचं हे त्या दिवशीचं तुमचं मन ठरवतं. म्हणून शब्द बाजूला ठेवून आधी नुसता आकार लावा, म्हणजे फक्त ‘आ’ म्हणत गा.

रचनेचं म्हणाल तर मला कुमार गंधर्व आठवतात. १९४८ च्या सुमारास क्षयामुळे ते माळव्यात देवासला आले, गाणं बंद झालं. अंथरुणावर पडून तिथली लोकगीतं ऐकत राहिले. त्या धुनांतून पुढे मालवती, लगनगंधार हे राग उगवले. किती खोल ऐकलं असेल त्यांनी!

तुम्ही महिनाभर रोज एकच बंदिश (रागात बांधलेलं गीत) गा, त्या दिवशी वाटेल तशी, आणि रेकॉर्ड करून ठेवा.