हॉटनचा हिवाळा सरोवर ठरवतं

तुमची मुलगी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात, म्हणजे सुपीरियर सरोवराकाठच्या हॉटन काउंटीत (जिल्ह्यात) चालली आहे आणि "पारा किती उतरतो, जाकीट पुण्यातूनच घेऊन द्यावं का?" असं तुम्ही विचारलंय. मी तिथे शिकलो, पुढे नोकरीही तिथेच केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाकीट आणि बूट तिथेच घेऊ द्या, सप्टेंबरात. इथून आतले थर्मल कपडे पुरेत.

पाऱ्याची फार धास्ती नको. जानेवारीत दिवसा उणे पाचच्या आसपास, रात्री उणे दहा-बारा. सरोवरापासून दूर, मिनेसोटाच्या उत्तर भागात याहून कडक थंडी पडते. सुपीरियर सरोवर उन्हाळ्यात साठवलेली ऊब हिवाळ्यात सोडत राहतं, म्हणून हॉटन त्यातून वाचतं. पण बर्फ पाडते तीही हीच ऊब. नोव्हेंबरपासून कॅनडाकडची कोरडी, गार हवा उघड्या पाण्यावरून येते, खालून तापते, बाष्प उचलते आणि हॉटन ज्यावर वसलंय त्या किवीनॉ द्वीपकल्पाच्या डोंगरकण्यावर चढताना सगळं रितं करते. कोकणातले ढग सह्याद्रीवर रिते होतात ना, तसंच. वर्षाला सरासरी २०० इंचांहून जास्त, म्हणजे पाच मीटरच्या वर बर्फ! शेजारच्या किवीनॉ काउंटीत १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच पडला होता. तेवढ्या उंचीची खूण दाखवणारा खांब हायवे ४१ वर आजही उभा आहे, तिने जाऊन बघावा.

म्हणून तिला सांगा, मोबाइलवर तापमानाआधी वाऱ्याची दिशा बघायची. वायव्येचा वारा असला की बर्फ येणार हे धरून चालायचं. फेब्रुवारीत सरोवर बरंच गोठलं तर बर्फ कमी होतो, आकाश निवळतं आणि खरी बोचरी थंडी तेव्हा पडते.

मला सगळ्यात जड गेलं ते मळभ. नोव्हेंबर-डिसेंबरात ऊन दिवसेंदिवस दिसत नाही. त्यात हे गाव तिथल्या टाइम झोनच्या पार पश्चिम टोकाला, त्यामुळे डिसेंबरअखेर सूर्य साडेआठनंतर उगवतो. खोलीत बसून राहिलं की मन खचतं, हे मी अनेक मुलांचं पाहिलंय. तिने पहिल्याच वर्षी स्कीइंग शिकावं, विद्यापीठाची स्वतःची माँट रिप्ली टेकडी आहे. फेब्रुवारीतल्या विंटर कार्निव्हलसाठी मुलं महिनाभर बर्फाची प्रचंड शिल्पं घडवतात, त्यात हात घालावा. व्हिटॅमिन डीचं डॉक्टरांना विचारून ठेवा.

वसंत उशिरा येतो, एप्रिलमध्येही बर्फ पडतो. जूनमध्ये चावऱ्या काळ्या माश्या. जुलै मात्र सुरेख, दुपारी चोवीस-पंचवीस अंश, आणि रात्री साडेनऊलाही उजेड.

एक राहिलंच. नाताळच्या सुट्टीहून परतताना वर्ग सुरू व्हायच्या दोन दिवस आधीचं तिकीट काढा. तिथल्या छोट्या विमानतळावरची विमानं बर्फामुळे रद्द होतात. औषधं आणि एक उबदार जोड हातातल्या बॅगेत असू द्या.