कोंडवाडा आणि विश्रामबागवाडा: 'वाडा' एकच का?

प्रश्न असा आला आहे: शनिवारवाडा, विश्रामबागवाडा हे पुण्यातले पेशव्यांचे महाल. मग कोळीवाडा, गवळीवाडा आणि थेट कोंडवाडा यांतही 'वाडा' कसा? हे दोन वेगळे शब्द असून योगायोगाने सारखे दिसतात की काय?

एकच शब्द आहे. आणि महाल हा त्याचा मूळ अर्थ नव्हेच. मुळाला कोंडवाडाच जास्त जवळचा.

संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपणाने आवळलेली जागा. यज्ञासाठी आखलेली ती यज्ञवाट, उसाचा मळा तो इक्षुवाट. (आपली रस्ता या अर्थाची 'वाट' निराळी, ती 'वर्त्मन्'वरून आलेली.) दोन स्वरांच्या मधल्या 'ट'चा 'ड' होणं ही प्राकृतातली रोजची गोष्ट. घोटकाचा घोडा झाला, वटाचा वड झाला, कटूचं कडू झालं. तसाच वाटकाचा वाडा आणि वाटिकेची वाडी. म्हणजे रामायणातली अशोकवाटिका आणि कोकणातली नारळाची वाडी एकाच घरच्या.

आता कुंपणाच्या आत काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. धनगर रानात मेंढरं बसवतो, तो वाडा. चुकार गुरं डांबली की कोंडवाडा. एका जातीची, एका धंद्याची घरं एका जागी वसली की तोही वाडा; गोव्यात गावाच्या प्रत्येक भागाला आजही 'वाडो' म्हणतात. आपल्याकडे या अर्थाला जातीचं कुंपण पडलं. 2020 साली राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तेव्हा त्यातली कितीतरी नावं '-वाडा'वर संपणारी होती. आणि त्याच शब्दाला 'राज' जोडला की राजवाडा! कुंपण तेच, आतला माणूस बदलला.

म्हणूनच मला वाटतं, 'महाल' किंवा 'कचेरी' यांना जे जमलं नसतं ते 'वाडा' या शब्दाला जमलं. तो इमारतीचा उपयोग सांगतच नाही, नुसती वेढलेली जागा सांगतो. विश्रामबागवाड्याचंच बघा. दुसऱ्या बाजीरावाने तो बांधला, 1807 च्या सुमारास राहायला आला, आणि 1818 मध्ये राज्य गेल्यावर बिठूरला गेला. तीनच वर्षांनी, 1821 मध्ये, इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. डेक्कन कॉलेज आपलं मूळ या पाठशाळेत शोधतं. पुढे 1879 च्या आगीत वाड्याची एक बाजू जळाली. त्याच आगीच्या प्रकरणात जवळचा बुधवारवाडा जळून गेला. विश्रामबाग मात्र दुरुस्त होऊन उभा राहिला. मग नगरपालिका आली, 1950 पासून महापालिका, पोस्टही होतं. पेशवा, शास्त्री, कारकून, तिकिटं चिकटवणारा पोस्टाचा गिऱ्हाईक, सगळे येऊन गेले आणि नाव मात्र 'विश्रामबागवाडा'च. 'विश्रामबाग महाल' असतं तर तिथे पोस्टाची तिकिटं मिळायची हे ऐकून हसू आलं असतं. वाड्यात काहीही मिळू शकतं.

बाजीराव रस्त्यावरून जाताना मान वर करून विश्रामबागवाड्याची मेघडंबरी, म्हणजे पुढे आलेला नक्षीदार सज्जा, बघाच. सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब, वर केळफुलांची नक्षी. खाली गाड्यांचा गोंगाट, पण लाकडाचा तो काळसर तपकिरी रंग क्षणभर आवाज बंद करतो.

विसाव्या शतकात पुण्यात या शब्दाला आणखी एक अर्थ फुटला. मोठ्या वाड्यांत भाडेकरू आले आणि 'वाडा' म्हणजे मालक, वीसेक बिऱ्हाडं, सामाईक नळ आणि भांडणांना पुरेसा चौक. 'आमच्या वाड्यातला' म्हणजे जवळजवळ नातेवाईकच. 1961 च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे असे कितीतरी वाडे पडले. त्यांच्या जागी अपार्टमेंटं आली, आणि गंमत म्हणजे नव्या अपार्टमेंटच्या पाटीवरही कुठे कुठे 'वाडा' लिहिलेला दिसतो. आत चौक नसतो, पार्किंग असतं.

'चौक' शब्दाचंही तसंच. वाड्यात तो मधलं उघडं अंगण. म्हणून 'दोनचौकी', 'तीनचौकी' वाडा. रस्त्यावर तोच शब्द चार रस्त्यांच्या नाक्याला. दोन्हीकडे मूळ 'चार' आहे: इथे चार सोपे (म्हणजे ओसऱ्या), तिथे चार रस्ते. त्यामुळे 'वाड्याच्या चौकात भेटू' म्हटलं की आत की बाहेर, हे विचारून घेतलेलं बरं.

प्रत्ययाकडेही लक्ष द्या. 'विश्रामबागवाड्यात प्रदर्शन' म्हणतो, पण सभा मात्र 'शनिवारवाड्यावर'. कारण सभा समोरच्या पटांगणात भरते. वाडा ही तिथली खूण, जागा नव्हे. आणि जुन्या सिनेमातला पाटील मिशी पिळत 'वाड्यावर या' म्हणतो, तेव्हा त्या 'वर'मध्ये पटांगण नसतं. 'चावडीवर', 'ठाण्यावर' यांतला धाक असतो. 'वाड्यात या' म्हणाला असता, तर बोलावलेल्याने चप्पल काढून चहाची वाट बघितली असती.