आगळाच्या बाटलीवर क्यूआर कोड छापावा का?

प्रश्न : नमस्कार काका. गुहागरजवळ आमचं छोटं घरगुती काम आहे. कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ. उन्हाळ्यातले पर्यटक आणि मुंबई-पुण्यातली दोन-तीन प्रदर्शनं, यांवर विक्री चालते. आता नवीन लेबलं छापायची आहेत. मुलगा म्हणतो, लेबलवर, दारातल्या फलकावर आणि टेम्पोच्या मागेही क्यूआर कोड टाकू, जाहिरात आपोआप होईल. एक जण वर्षाला पैसे घेऊन ‘किती जणांनी स्कॅन केलं ते दिसणारा’ कोड देतोय. खरंच गिऱ्हाईक वाढतं का? आणि शहरातले लोक ‘तुमचं आगळ फार खारट’ म्हणून फोन करतात, त्यांना समजावून दमले.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, लेबलवर छापा. फलकावर नंबर पुरे. टेम्पोवर अजिबात नको.

टेम्पोचं आधी उरकतो. जितक्या लांबून वाचायचा त्याच्या दहाव्या हिश्शाइतका कोड रुंद हवा, असा आमच्याकडचा ढोबळ हिशेब. वीस फुटांवरून वाचायचा तर दोन फुटांचा चौकोन. तेवढ्या जागेत तुमचा फोन नंबर केवढा मोठा मावेल बघा. शिवाय चालत्या गाडीमागे मोबाइल धरून बसणाऱ्याला आपल्याला आगळ विकायचं नाही.

आता ते वर्षाचे पैसे. मी सांगलीत लेबलं छापतो, आणि याच प्रकारात एकदा चांगला पोळलोय. लोणच्याच्या एका गिऱ्हाइकाला पाच हजार लेबलं छापून दिली. कोड ज्यांच्याकडून घेतला त्यांची फुकटची मुदत होती, ते मी वाचलंच नाही. मुदत संपली आणि कोड मेला. लोणचं टिकलं, लेबल नासलं. उरलेल्या लेबलांवर मी आणि कामावरचा पोरगा दोन रात्री बसून चिकट्या लावत होतो.

झालं काय होतं, तर त्या चौकोनात गिऱ्हाइकाचा इंटरनेटवरचा पत्ता नव्हताच. पत्ता होता कोड देणाऱ्याचा, आणि तो पुढे वळवून देत होता. भाडं थांबलं की वळवणं थांबलं. साध्या कोडात थेट तुमचाच पत्ता असतो, त्याला ना मुदत ना भाडं. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला हा कोड काढला. कंपनीने पेटंट घेतलं, पण लोकांना तो मोकळेपणाने वापरू दिला. मग आपण मधल्या माणसाला कशाला पोसायचं?

स्कॅन मोजायचे असतील तर त्यालाही फुकटची युक्ती आहे. व्हॉट्सॲपचा असा दुवा करता येतो की तो उघडला की तुमच्या नंबरचं चॅट उघडतं आणि त्यात मजकूर आधीच लिहिलेला असतो. बाटलीवरच्या दुव्यात ‘बाटली’ लिहा, प्रदर्शनातल्या पत्रकावर ‘स्टॉल’. निरोप कुठून आला ते निरोपच सांगेल. फक्त हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाका. दुव्यात आपलं देवनागरी एकेक चिन्ह नऊ-नऊ अक्षरं खातं, आणि कोड इतका बारीक जाळीचा होतो की जुन्या मोबाइलला तो दिसतच नाही.

पण कोड छापला म्हणून कोणी तो उघडत नाही. आपल्याकडे क्यूआर म्हणजे पैसे द्यायचा, हे भाजीवाल्यापासून सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पुण्याच्या एका प्रदर्शनात माझ्याच गिऱ्हाइकाच्या स्टॉलवर एका आजींनी चटणीच्या पाकिटावरचा कोड पैसे देण्याच्या ॲपमधून स्कॅन केला. ॲप म्हणालं, कोड चुकीचा. आजी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या, “पैसे गेले का हो माझे?” त्या पाकिटावर कोडाशेजारी एक अक्षर छापलेलं नव्हतं. ती चूक माझी.

म्हणून कोडाच्या डोक्यावर ठळक लिहा : ‘सोलकढी कशी करायची? मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहा.’ आत खरोखर तेच हवं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत कोड आणले, २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. त्यांच्या कोडामागे कविता ऐकायला मिळायची, धडा बघायला मिळायचा. नुसतं ‘आमच्याविषयी’ असतं तर पोरांनी दुसऱ्यांदा मोबाइल काढला असता का?

खारटपणाचं म्हणाल तर त्याला कोड नको, चार शब्द हवेत. आगळात मीठ असतंच, हे शहरातल्या सुनेला कोण सांगणार? ती सवयीने पुन्हा मीठ घालते. झाकणाजवळ मोठ्या अक्षरांत छापा : ‘यात मीठ आहे. चव बघूनच घाला.’ पण नारळाच्या दुधात किती आगळ पडलं की कढीला तो नेमका गुलाबी रंग येतो, हे शब्दांत सांगता येत नाही. ते दाखवावं लागतं. मिनिटभराचा व्हिडिओ, तुमच्याच स्वयंपाकघरात, तुमच्याच हातचा. शेवटी ‘पुन्हा हवं असेल तर’ म्हणून नंबर. बाटली संपत आलेली, माणूस ओट्याशी उभा, त्याच घडीला मागणी येते. नवं गिऱ्हाईक कोडाने फारसं येत नाही, हे मात्र मुलाला सांगा. आलेलं परत येतं.

छपाईचं थोडं. बाजू दोन सेंटिमीटरपेक्षा कमी नको. काळा कोड पांढऱ्यावर. कोकमाच्या रंगावर पांढरा कोड दिसतो देखणा, पण काही मोबाइल तो वाचत नाहीत. भोवती कोडातल्या चार बारीक चौकोनांइतकी कोरी जागा सोडा. डिझाइन करणारा तिथे नक्षी घुसवायला बघतो, त्याला घुसवू देऊ नका. कोड बनवताना दुरुस्तीची पातळी सगळ्यात वरची निवडा, म्हणजे साधारण तीस टक्के भाग डागाळला तरी वाचता येतो, आणि आगळाचा ओघळ लेबलवर येणारच. कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन मात्र शाबूत हवेत. फोन नंबर आकड्यांतही छापा.

आणखी एक अडचण गोल बाटलीची. बारीक बाटलीवर कोड वळतो आणि कडा कॅमेऱ्याला दिसत नाहीत. बाटलीला दोरा गुंडाळून घेर मोजा आणि मला कळवा, मग कोडाचं माप सांगतो. तोवर लेबलं छापायला टाकू नका.